सरकारी दिवाळी कार्डावर देव छापायचा का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सरकारी उपक्रमाच्या मुंबईतल्या ऑफिसात जनसंपर्काचं काम बघणाऱ्या ताईंनी विचारलंय की दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी दोन डिझाइन तयार आहेत, एकावर लक्ष्मी-गणपती आणि दुसऱ्यावर नुसत्या पणत्या. साहेब म्हणतात लक्ष्मीशिवाय दिवाळी कसली. एक सहकारी म्हणतात सरकारी कागदावर देव नकोच, आणि 'दिवाळी' हा शब्दसुद्धा काढून 'सणासुदीच्या शुभेच्छा' लिहा. तिसरे म्हणतात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष उघडपणे ख्रिसमसचं कार्ड पाठवतो, मग आपल्याला कसली भीती. आता नियम काय आहे ते सांगा.

मी जेजेतून कमर्शियल आर्ट केलं आणि पुढचं बहुतेक आयुष्य सरकारी ऑफिसं, महामंडळं आणि बँकांची कॅलेंडरं, डायऱ्या, निमंत्रणं, शुभेच्छापत्रं करण्यात गेलं, त्यामुळे हा वाद मी फाईलवरही बघितलाय आणि लोअर परळच्या प्रेसमध्ये प्लेट लागायच्या आदल्या रात्रीही बघितलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिसच्या कार्डावर पूजेची मूर्ती नको, पण सणाचं नाव मात्र ठसठशीत हवं, आणि चित्रात लोक त्या दिवशी काय करतात ते दाखवा. आता हे का ते सांगतो, कारण नुसतं 'वाद नको म्हणून' हे कारण मला पटत नाही आणि तुमच्या साहेबांनाही पटणार नाही.

पहिलं म्हणजे 'देव छापणं बेकायदा आहे' हे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं सोडून द्या. असा सरळ नियम कुठेही नाहीये. घटनेची २५ ते २८ ही कलमं धर्मस्वातंत्र्याची आहेत, त्यातलं २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास वापरला जाणारा कर भरायची कुणावर सक्ती करता येणार नाही, पण एका शुभेच्छापत्राने ते कलम मोडतं असं म्हणणं फार ताणलेलं होईल. घटनेची मूळ हस्तलिखित प्रत बघा, नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता, लक्ष्मण आहेत, मार्गदर्शक तत्त्वांच्या भागावर अर्जुनाला सांगणारा कृष्ण आहे, आणि पुढे बुद्ध आहे, महावीर आहे, अकबर आहे, गुरू गोविंदसिंग आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्यांविरुद्ध कोणीतरी दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं, २०१८ च्या जानेवारीत ती याचिका फेटाळली गेली. म्हणजे कायद्याच्या जोरावर साहेबांना अडवायला जाल तर साहेबच जिंकतील.

पण घटनेच्या प्रतीवरचं चित्र आणि कार्डावरचं चित्र यात फरक आहे, आणि तो साहेबांना समजावता येतो. त्या प्रतीत हडप्पाच्या बैलापासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंत या देशाची गोष्ट क्रमाने काढलीय, राम आणि कृष्ण त्या गोष्टीत येतात तसा अकबरही येतो, आणि ते पान कोणाच्या घरी नाव घालून पाठवलेलं नाहीये. कार्ड मात्र पाठवलेलं असतं. त्याच्यावर खाली ऑफिसचं नाव असतं, बोधचिन्ह असतं, अध्यक्षांची सही असते, आणि ते एका विशिष्ट माणसाच्या हातात पडतं ज्याचं त्या ऑफिसात काहीतरी काम अडकलेलं असू शकतं. कार्ड बघताना मी कायम हाच प्रश्न विचारतो की हे कोण कोणाला म्हणतंय. मोहम्मद अली रोडवरचा ठेकेदार, वसईचा ख्रिश्चन निवृत्त कर्मचारी, देव न मानणारा इंजिनियर, या सगळ्यांचं ते ऑफिस तेवढंच आहे. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा मिळाल्या की आनंदच होतो, मुंबईत तर फराळाचं ताट शेजारच्या दारात जातंच. पण ऑफिसने त्यांच्यासमोर पूजेची मूर्ती ठेवली तर ऑफिस कुठे उभं आहे हे त्यांना कळतं, आणि त्यात ते स्वतः कुठे आहेत हेही कळतं.

आता अमेरिकेचं. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितलीय. व्हाइट हाऊसची अधिकृत ख्रिसमस कार्डं आयझेनहॉवरच्या काळात, १९५३ पासून सुरू झाली असं धरतात. आणि धार्मिक चित्र तिथेही आलंय. १९६३ साली केनेडी पतिपत्नींच्या एका कार्डावर व्हाइट हाऊसमधल्या ईस्ट रूममध्ये मांडलेला येशूजन्माच्या गव्हाणीचा जुना देखावा होता, त्यातल्या अगदी थोड्या कार्डांवर दोघांच्या सह्या झाल्या होत्या आणि २२ नोव्हेंबरला डॅलसला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली, ती कार्डं पोस्टात पडलीच नाहीत. पुढे २००५ साली बुश यांनी सुमारे १४ लाख कार्डं पाठवली, त्यात 'हॉलिडे सीझन'च्या शुभेच्छा होत्या, ख्रिसमस हा शब्द नव्हता, आणि त्यांचेच समर्थक चिडले. आत बायबलमधल्या स्तोत्राची ओळ छापलेली होती तरी चिडले! २०११ ला ओबामांच्या कार्डावर शेकोटीजवळ बसलेला त्यांचा कुत्रा बो होता, तेव्हा रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी टीका केली की यात ख्रिसमस कुठे आहे. पण या सगळ्यात एक गोष्ट साहेबांना मुद्दाम सांगा. बुश यांच्या त्या १४ लाख कार्डांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला नव्हता, त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने केला होता. तुमच्या ऑफिसच्या कार्डाचं बिल ऑफिसच भरणार आहे. तेव्हा ती तुलना इथेच संपते.

तिथल्या सुप्रीम कोर्टाने मात्र आपल्याला उपयोगी पडेल असं काहीतरी म्हटलंय. १९८४ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावच्या नगरपालिकेने मांडलेला गव्हाणीचा देखावा कोर्टाने चालू दिला, कारण तो सांताक्लॉज, झाड, दिवे अशा सणाच्या मोठ्या सजावटीचा एक भाग होता. १९८९ ला पिट्सबर्गच्या खटल्यात तिथल्या स्थानिक कोर्टाच्या इमारतीतल्या मुख्य जिन्यावर एकटाच मांडलेला तसाच देखावा चुकीचा ठरवला, आणि त्याच शहरात दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी ठेवलेली ज्यूंची मेनोरा, म्हणजे त्यांचं अनेक शाखांचं दीपदान, मात्र चालवून घेतली. म्हणजे वस्तू कोणती यापेक्षा ती कुठे आणि कशाच्या सोबत मांडलीय याला वजन आलं. तो कायदा आपला नाही, तो आपल्याला लागू नाही, पण डिझाइन करणाऱ्या माणसाला ही दृष्टी फार कामाची आहे. आणि तिथल्या टपाल खात्याने २०१६ मध्ये दिवाळीचं तिकीट काढलं तेव्हा त्यावर एक पेटलेली पणती घेतली. २००१ च्या ईदच्या तिकिटावर निळ्यावर सोनेरी सुलेखन होतं. ख्रिसमसच्या तिकिटांवर मात्र मेरी आणि बाळ येशू कितीतरी वर्षं येतायत, म्हणजे त्यांच्याकडेही घरच्या धर्माला वेगळं माप आहेच.

खरं तर आपल्याला परदेशात जायची गरजच नाही. आपल्या तारखात्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. ज्यांनी तार केलीय त्यांना आठवेल, शुभेच्छांच्या तारेला ठरलेली वाक्यं होती आणि प्रत्येकाला नंबर होता, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, ईद मुबारक, बंगाल्यांची विजया, नवीन वर्ष, सगळी त्या एकाच यादीत, एकाच दराने. तुम्ही नंबर सांगायचा, मजकूर पोचायचा. सरकार सणाचं नाव घ्यायला लाजत नव्हतं आणि कोणाच्या वतीने आरतीही करत नव्हतं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली पण ती यादी करणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. साहेब म्हणतील, ठीक आहे, आपण सगळ्यांनाच समान वागवू, दिवाळीला लक्ष्मी, ख्रिसमसला येशू, बुद्धपौर्णिमेला बुद्ध, ईदला... आणि इथेच अडतं. ईदला काय काढणार? ईद-ए-मिलादला तर पैगंबरांचं चित्र काढणं हा अपमान मानला जातो, तिथे चित्राचा प्रश्नच येत नाही. काबाचा फोटो किंवा कुराणातली आयत छापाल तर तो कागद नंतर कुठे पडेल या काळजीने तेच लोक अस्वस्थ होतील. महावीर जयंतीला मूर्ती काढा म्हटलं तर श्वेतांबरांची मूर्ती वेगळी, दिगंबरांची वेगळी, एक काढली की दुसरे विचारतात आमची का नाही. पारशांच्या अग्यारीत बिगरपारशाला प्रवेश नाही, तिथल्या अग्नीचं चित्र तुम्ही कुठल्या अधिकाराने काढणार? म्हणजे 'प्रत्येकाचा देव छापू' ही समानता कागदावर सुंदर दिसते पण ती करताच येत नाही, काही धर्मांना देवाचं चित्र आहे आणि काहींना नाही. वर्षभराची कार्डं एका टेबलावर मांडली की एका बाजूला सगळे देव आणि दुसऱ्या बाजूला एक चंद्रकोर, असं ते दिसणार. तेच जर सगळ्या कार्डांवर सणाच्या गोष्टी असतील, पणती, शीरखुर्म्याची वाटी, खिडकीतला कागदी तारा, पारशांच्या दारातला चॉकचा, म्हणजे त्यांच्या रांगोळीचा, साचा आणि तोरण, तर ती एकाच घरातली भावंडं वाटतात. समानता हवी असेल तर ती इथे मिळते.

दुसरा मुद्दा साहेबांसारख्या श्रद्धाळू माणसाला जास्त पटतो, आणि मलाही तो तितकाच खरा वाटतो. छापलेल्या देवाचं पुढे काय होतं? गिरगावात कांदेवाडीला लग्नपत्रिकांच्या दुकानात कधी उभे राहा, पत्रिकेवरचा गणपती निवडताना लोक किती वेळ घेतात बघा, आणि लग्न झाल्यावर ती पत्रिका फेकताना हात कसा अडखळतो तेही आठवा, कितीतरी घरांत तो गणपती कापून बाजूला ठेवलेला असतो. ते घरचं कार्य असतं म्हणून लोक तेवढं करतात. सरकारी कार्डं शेकड्यांनी निघतात, अर्धी पाकिटं न उघडता टेबलावर राहतात, वर चहाचा कप ठेवला जातो, शिपाई दिवाळीनंतर सगळा गठ्ठा रद्दीत घालतो. मी अशा कार्डांवर आवकचा गोल शिक्का बरोबर देवीच्या चेहऱ्यावर बसलेला बघितलाय, कारण आवक कारकून मोकळी जागा शोधत बसत नाही, आणि एका ऑफिसात लक्ष्मीची कार्डं पंच करून फाईलला लावलेली होती, भोक कुठे पडलं होतं ते सांगवत नाही. त्यावर तक्रार कोणी केली? देव मानणाऱ्यांनीच केली, अगदी योग्य केली. ज्याला आपण नमस्कार करतो त्याला रद्दीच्या वाटेवर पाठवायचं नाही, हे कारण मी कुठल्याही साहेबांसमोर मान वर करून सांगतो.

छपाईवालाही तुम्हाला हेच सांगेल. चार पानी कार्डाला मधे घडी पडते, क्रीज नीट नसेल तर आर्ट कार्डचा रंग घडीवर तडकतो आणि मूर्ती मोठी घेतली असेल तर ती तडक अंगावरून जाते. कटिंगला एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, पाय कापले जातात. सोनेरी फॉइल सरकली की मुकुट कपाळावर येतो. पणतीचं असं झालं तर कोणाला काही वाटत नाही.

छपाईचा विषय निघालाच आहे तर हे आधी तपासा की तुम्हाला छापायची परवानगी आहे का. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मंत्रालयं, सरकारी उपक्रम, सरकारी बँका यांना कॅलेंडर, डायरी, सणाची शुभेच्छापत्रं छापणं थांबवून सगळं डिजिटल करायला सांगितलं होतं. तुमचा उपक्रम केंद्राचा असेल तर आज काय लागू आहे ते तुमच्या वित्त विभागाकडून लेखी घ्या, राज्याचा असेल तर तुमच्या विभागाचे काटकसरीचे आदेश बघा. आणि डिजिटल झालं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. कागदाचं कार्ड ज्याच्या नावाने पाठवलं त्याच्याकडेच जायचं, व्हॉट्सअॅपवरचं कार्ड तासाभरात कुठल्या कुठे जातं, कोणीतरी खालचं ऑफिसचं नाव कापतं, कोणीतरी त्यावर स्वतःच्या नेत्याचा फोटो चिकटवतं.

नेत्यांच्या फोटोचं वेगळं सांगतो, कारण माझ्या मते देवापेक्षा जास्त बिघाड तिथे होतो. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला हात जोडलेले साहेब किंवा मंत्री, आणि साहेबांचा चेहरा देवीपेक्षा मोठा. हे बघून श्रद्धाळू माणसालाही बरं वाटत नाही. सरकारी जाहिरातींतल्या फोटोंवर सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये बंधनं घातली, फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचे फोटो चालतील म्हणून, मग २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांच्यासाठी ती सैल केली. पण शुभेच्छापत्राला फोटोची गरज काय आहे? महाराष्ट्रात तर अजून एक अडचण आहे, विधानसभेची निवडणूक २०१४, २०१९ आणि २०२४ तिन्ही वेळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्या आसपास आली. २०२४ ला अख्खी दिवाळी आचारसंहितेत गेली. देव आणि नेता एकाच सरकारी कार्डावर असतील तर त्या दिवसांत ते कार्ड तक्रारीचा कागद होतं. नुसतं ऑफिसचं नाव आणि पणती असेल तर बोट ठेवायला जागाच राहत नाही.

मग काढायचं काय, हा खरा आवडीचा भाग आहे आणि इथे माणसं आळस करतात. इंटरनेटवरून तीच ती चकाकणारी पणती उचलू नका. मुंबईची दिवाळी काढा. धारावीच्या कुंभारवाड्यात उन्हात वाळत घातलेल्या पणत्यांच्या रांगा, माहीमच्या कंदील गल्लीत बांबूच्या काड्यांवर चढणारा पतंगी कागद, चाळीच्या गॅलरीत एका रांगेत लटकणारे कंदील, पोरांनी माती आणून केलेला किल्ला आणि त्यावर पेरलेलं अळीव, ठिपक्यांची रांगोळी, उटण्याची पुडी, चकलीचा सोऱ्या. यातलं एकेक चित्र लक्ष्मीच्या तयार फोटोपेक्षा जास्त दिवाळी आहे. चित्रकार मिळत नसेल तर ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांकडून किल्ल्यांचे फोटो मागवा.

कोणीतरी म्हणेल, पणतीसुद्धा देवापुढेच लावतात, मग ती चालते कशी? माझं साधं माप आहे, लोक ज्याला हात जोडतात ते ऑफिसने छापू नये, आणि हाताने जे करतात, मांडतात, वाटतात ते जरूर छापावं. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेतही दिवा आहेच, आपल्या महापालिकेचं ब्रीद 'यतो धर्मस्ततो जयः' आहे, राजमुद्रेतले सिंह सारनाथच्या बौद्ध जागेवरून आलेत. धर्माचा वाससुद्धा नको असं म्हणत गेलात तर कागद कोराच राहील. काही गोष्टी मधल्या असतात. लक्ष्मीची पावलं मी घेत नाही, ती देवीचीच आहेत. रांगोळीतलं स्वस्तिक मला घरी प्रिय आहे पण परदेशी कंपन्यांना आणि वकिलातींना जाणाऱ्या कार्डावर ते टाळतो, जर्मन माणसाला ते बघून काय आठवतं हे आपल्याला माहीत आहे.

सगळ्या धर्मांची चिन्हं एका ओळीत लावायचा मोह होईल, ओम, चंद्रकोर, क्रॉस, धम्मचक्र, शिखांचा खंडा. दिवाळीच्या कार्डावर हे अजिबात करू नका. पहिलं कोण यावर भांडण, आदिवासींचं काय, लिंगायतांचं काय, आणि बिचारी दिवाळी कोपऱ्यात. शिवाय चिन्हं लोक आपापल्या नजरेने वाचतात. २००६ च्या सुमाराचं २ रुपयांचं नाणं आठवा, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि चार टिंबं, कल्पना होती विविधतेतली एकता, पण लोकांना त्यात ख्रिश्चन क्रॉस दिसला, आरडाओरडा झाला, आणि २००७ ला हाताच्या मुद्रेचं नवीन डिझाइन आलं. म्हणून डिझाइन फायनल करायच्या आधी दोनचार वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना, नुसतं समोर धरून, काय दिसतं ते विचारा.

गणेशोत्सवाचं मात्र मला वेगळं वाटतं, आणि यावर माझ्याच क्षेत्रातले लोक माझ्याशी भांडतात. २०२५ मध्ये सरकारने त्याला राज्य महोत्सव जाहीर केलं, शुभेच्छा तर निघणारच, आणि गणपतीशिवाय गणपतीचं कार्ड काढायचं म्हणजे फारच ओढाताण होते. इथे मी मूर्ती येऊ देतो पण ती सोहळ्याच्या आत. शाडूच्या मातीवर कोरणी चालवणारा मूर्तिकार आणि त्याच्यासमोर अर्धी झालेली मूर्ती, ढोल-ताशाच्या पथकामागे दूर दिसणारा गणपती, गिरगाव चौपाटीचा समुद्र. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ ला जो सार्वजनिक उत्सव सुरू झाला तो काढा, माणसांची गर्दी काढा. पानभर मूर्ती आणि खाली 'बाप्पा आपल्या सर्व मनोकामना पूर्ण करो', हे घरच्या कार्डावर शोभतं. आषाढीला टाळ, पताका, डोक्यावरची तुळस पुरते. माहीमच्या दर्ग्याच्या उरुसाचं कार्ड कोणी करायला सांगितलं तर संदल, म्हणजे दर्ग्यावर वाहायचं चंदन, घेऊन जाणारे मुंबई पोलीस काढा, त्यापेक्षा या शहराचं चित्र दुसरं कुठलं सापडणार.

मजकुरात दोन टोकं टाळा. 'दिवाळी' काढून 'सणासुदीच्या शुभेच्छा' करू नका. युरोपियन कमिशनमध्ये २०२१ ला कर्मचाऱ्यांसाठी एक सूचनापत्र निघालं होतं की ख्रिसमसऐवजी सुट्ट्यांचा काळ म्हणा वगैरे, ते इतकं अंगाशी आलं की मागे घ्यावं लागलं. लोकांना त्यांच्या सणाचं नाव लपवलेलं आवडत नाही, आणि दुसऱ्याच्या सणाचं नाव ऐकून कोणाचं काही बिघडत नाही. दुसरं टोक म्हणजे ऑफिसने प्रार्थना करणं, 'ईश्वरचरणी प्रार्थना', 'लक्ष्मीमातेची कृपा'. ऑफिसने शुभेच्छा द्याव्यात, प्रार्थना माणसाने करावी. आणि कॅलेंडर बघून आपोआप कार्ड काढणाऱ्या ऑफिसांनी हे तर भिंतीवर लावून ठेवावं: गुड फ्रायडे आणि मोहरमचा आशुरा हे दुःखाचे दिवस आहेत, त्या दिवशी शुभेच्छा पाठवायच्या नसतात. ६ डिसेंबरला अभिवादन असतं, शुभेच्छा नाही. पारशी नववर्षाच्या शुभेच्छा नवरोजला द्या, पतेती हा आदल्या दिवशीचा पश्चात्तापाचा दिवस आहे. लक्ष्मी छापली की पणती यापेक्षा अशा कार्डाने लोक खरे दुखावतात.

आता फाईलवर काय करायचं. एकट्या दिवाळीची नोट टाकू नका, ती टाकली की चर्चा लक्ष्मीच्या बाजूने की विरोधात अशी होते आणि मग कोणालाच मागे हटता येत नाही. वर्षभराच्या सगळ्या कार्डांचं एक पान करा, प्रत्येक सणाचं छोटं कच्चं चित्र एकाखाली एक लावा, आणि वर एकच ओळ लिहा की कार्यालयाच्या शुभेच्छापत्रांवर सणाचं नाव आणि सणाचं लोकजीवन असेल, पूजनीय प्रतिमा आणि व्यक्तींचे फोटो नसतील. सगळं एकत्र दिसलं की बहुतेक साहेब सही करतात, कारण त्या पानावर लक्ष्मी बसवायची तर बाकीच्या चौकटींत काय बसवायचं हे त्यांनाही दिसतं. आणि त्यांना हेही सांगा, अगदी आदराने, की लक्ष्मीचं कार्ड पाठवायचं असेल तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने, ऑफिसचं बोधचिन्ह न घालता जरूर पाठवा, मी स्वतः ते सुंदर करून देईन, तो त्यांचा हक्क आहे आणि तो कोणी काढून घेत नाहीये.

एवढं करूनही वरून लक्ष्मीच ठरली तर रुसून बसू नका, काम नीट करा. मूर्ती बाहेरच्या पानावर घेऊ नका, आतल्या पानावर लहान घ्या, घडीपासून आणि कडेपासून लांब ठेवा. बाहेर शिक्क्याला मोकळी जागा सोडा. राजमुद्रा आणि देवी एकाच पानावर नको, राजमुद्रेच्या वापराला २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत ते आधी वाचून घ्या. प्रती मोजून छापा, उरलेल्या प्रती रद्दीत जाणार नाहीत हे स्टोअरवाल्याला लिहून द्या. आणि तुमची पणतीची डिझाइन फाईलला लावून ठेवा, पुढच्या वर्षी कक्ष अधिकारी बदललेले असतील.